चौकटीतून सोडविताना

नाजूक वस्तू तुटली की आपण तिच्या नाजूकपणाला दोष देऊन मोकळे होतो. “फारच पातळ होती हो,” असे म्हटले की आपल्या हातांवरची जबाबदारी संपते. नेरमध्ये तीस वर्षे मी मुलांना चित्रकला आणि कार्यानुभव हे विषय शिकविले. माती, पुठ्ठा, पतंगाचा कागद, बांबूच्या कामट्या अशा साध्या वस्तूंशी माझा आणि मुलांचा रोजचा संबंध होता. त्या अनुभवाने माझे एक मत बनले आहे. नाजूक वस्तू वापरताना जितक्या तुटतात, त्याहून कितीतरी अधिक त्या सोडविताना तुटतात. मातीचे फूल साच्यात धड असते, साच्यातून काढताना त्याची पाकळी जाते. नाताळच्या गोठ्यातील प्लास्टरची मेंढरे वर्षभर पेटीत सुखरूप असतात, आणि डिसेंबरात कागदातून सोडविताना त्यांचे कान जातात.

या मताची पुन्हा एकदा पारख करण्याचा योग २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत आला. निमित्त झाले एका खेळण्याचे. अर्थात ज्याला ते मिळाले तो त्याला खेळणे म्हणू देत नाही. विमाने, जहाजे, मोटारी यांच्या प्लास्टिकच्या प्रतिकृतींचे संच मिळतात, ते पुष्कळांनी पाहिले असतील. डबा उघडला की आत विमान नसतेच. आत असतात दोन-तीन जाळीदार चौकटी आणि त्या चौकटींना लगडलेले पंख, चाके, शेपूट, वैमानिकाची खुर्ची असे पन्नास-साठ सुटे भाग. या चौकटीला हा छंद जोपासणारी मंडळी ‘स्प्रू’ म्हणतात. एकेक भाग तिच्यापासून अलग करायचा, साफ करायचा आणि चिकटवून विमान उभे करायचे, असे हे काम आहे. चिकटविणे आणि रंगविणे पुढचे; पहिली परीक्षा भाग सोडविण्याचीच.

ही चौकट कशासाठी असते, हे समजून घेतले तर पुढचे बरेच सोपे होते. पॉलिस्टायरीन नावाचे प्लास्टिक तापवून पातळ करतात आणि मोठ्या दाबाने पोलादी साच्यात ढकलतात. साच्यात प्रत्येक भागाची पोकळी असते आणि त्या पोकळीपर्यंत प्लास्टिक नेणाऱ्या वाटाही असतात. विहिरीचे पाणी मुख्य पाटातून लहान पाटात आणि तेथून वाफ्यात शिरते, तशीच ही रचना. प्लास्टिक थंड झाले की वाफ्यातल्याप्रमाणेच पाटातलेही घट्ट होते. पाटात घट्ट झालेले हे प्लास्टिक म्हणजेच चौकट. पाट जेथे वाफ्यात शिरतो तेथे वाट मुद्दाम अरुंद ठेवलेली असते. त्या अरुंद जागेला ‘गेट’ म्हणतात आणि भाग तेथेच कापायचा असतो. चौकट ही वस्तू बांधून ठेवण्यासाठी नंतर घातलेली बेडी नव्हे, एवढे यावरून ध्यानात यावे. भागाला आकार आला तो तिच्यातूनच वाहत येऊन.

या संचांचा इतिहासही मोठा गमतीचा आहे. हंगेरीहून आलेल्या निकोलस कोव्ह या गृहस्थांनी १९३९ मध्ये लंडन येथे ‘एअरफिक्स’ ही कंपनी काढली. आरंभी ती हवा भरलेली रबरी खेळणी बनवीत असे. महायुद्धानंतर तिने साच्यातून प्लास्टिकचे कंगवे काढण्यास सुरुवात केली. १९४९ मध्ये तिच्याकडे एका ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती तयार करण्याचे काम आले. तो ट्रॅक्टर होता फर्ग्युसनचा. आमच्या भागातील शेतकऱ्यांना हे नाव मुळीच परके नाही! प्रतिकृती जोडून देणे कठीण जाऊ लागले, तेव्हा तिचे सुटे भागच डब्यात घालून विकण्यात आले. पुढे १९५३ मध्ये ‘स्पिटफायर’ या लढाऊ विमानाचा संच निघाला आणि जगभरच्या मुलांना हा छंद जडत गेला.

आमच्या नेरला या छंदाचे दुकान नाही. येथे आला तो एकच डबा, तोही नाशिकहून. माझ्या भाचीचा मुलगा दहावीत आहे. तो मला आजोबा म्हणतो. त्याचे एक चुलत आजोबा ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांनी दिवाळीपूर्वी त्याला मिग-२१ विमानाचा संच पाठविला. त्यामागे त्यांची एक भावना होती. १९६३ मध्ये हे विमान आपल्या हवाई दलात आले. १९६४ मध्ये ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि तेथे ही विमाने बांधली जाऊ लागली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे या विमानाला समारंभपूर्वक निरोप देण्यात आला. ज्या विमानांना आयुष्यभर हात लावला ती आकाशातून गेली, निदान एक तरी नातवाच्या टेबलावर उभे राहावे, असे त्यांना वाटले असणार.

मुलगा हरखून गेला. मूळ विमानाची लांबी सुमारे पंधरा मीटर. बहात्तरपट लहान केल्यावर ती जेमतेम वीतभर होते. आणि मग त्यातील बारीक भाग किती बारीक होत असतील याची कल्पना करावी. या विमानाच्या नाकावरून पुढे एक लांब, सरळ नळी निघालेली असते. तिला ‘पिटो’ म्हणतात. समोरून येणाऱ्या हवेचा दाब तिच्यातून मोजला जातो आणि त्यावरून वैमानिकाला आपला वेग कळतो. संचामध्ये ही नळी बोटाच्या दोन पेरांएवढी लांब आणि दाभणाहूनही बारीक होती. चौकटीला ती तीन ठिकाणी जोडलेली होती.

मुलाचे वडील दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेले. बाजारपेठेत त्यांचे विजेच्या मोटारी वाइंडिंग करण्याचे लहानसे दुकान होते. विहिरीवरची मोटार जळाली की आसपासच्या गावचे शेतकरी ती त्यांच्याकडे घेऊन येत. दुकान आता दुसऱ्याने घेतले आहे. भाचीने घरी आणला तो त्यांच्या हत्यारांचा पत्र्याचा डबा. त्यात पक्कड, कटर, चिमटा आणि सोल्डरिंगची कांडी आहे. आजवर त्या डब्याला तिने कोणाला हात लावू दिला नव्हता. या कामासाठी मुलाने कटर मागितला आणि तिने थोडा विचार करून तो दिला.

त्याने त्या कटरने नळी कापली. पहिला काप नीट बसला, पण दुसरीकडे वळण्यासाठी चौकट उचलताच नळी मधोमध तुटली.

दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन माझ्याकडे आला. त्याचे डोळे लाल होते. मी प्रथम समजलो की नळीचे वाईट वाटते आहे. पण त्याचे बोलणे निराळेच होते. “आजोबा, बाबांच्या कटरनं तांब्याची तार कशी लोण्यासारखी कटे! मंग हे काहून तुटलं जी?” नळी तुटल्याचे दुःख त्याला होतेच, परंतु ती वडिलांच्या हत्याराने तुटली, ही गोष्ट त्याच्या मनाला अधिक लागली होती. वडिलांचा हात जेथे कधी चुकला नाही तेथे आपला चुकला, असे त्याला वाटत होते.

मी त्याला भिंग दिले आणि कटरचे दोन ओठ पाहायला सांगितले. दोन्ही ओठ पाचरीसारखे असतात. कापताना ते पदार्थात शिरतात आणि त्याला दोन्ही बाजूंना ढकलतात. तांबे मऊ आहे. ते दबते, सरकते, वाकते आणि कापले जाते. पॉलिस्टायरीनला असे सरकणे जमत नाही. ते थोडा वेळ सोसते आणि मग एकदम तडकते. कापाच्या जागी प्लास्टिक पांढरे पडलेले दिसते, तो या धक्क्याचाच डाग. जाड भाग हा धक्का पचवितो. सुईसारख्या भागात मात्र तो पुढे जातो आणि जेथे अंग सर्वांत बारीक असेल तेथे बाहेर पडतो. “कटर वाईट नाही,” मी म्हणालो, “आणि तुझा हातही वाईट नाही. ते हत्यार तांब्यासाठी केलेले आहे. तुझ्या बाबांनी त्याने कधी काच कापली असती का?” तो प्रथमच थोडा हसला.

दुसरी गोष्ट कापण्याच्या क्रमाची. नळी तीन ठिकाणी जोडलेली आहे, म्हणजे तीन हातांनी धरलेली आहे. त्यातला सर्वांत मजबूत हात प्रथम सोडला, तर उरलेले वजन आणि ताण सगळा दुबळ्या टोकावर येतो. मग चौकट नुसती उचलली तरी ती डोलते आणि तिच्या डोलण्याने नळीला पीळ बसतो. म्हणून आधी बारीक टोकाकडचे जोड सोडवावेत. त्या वेळी जाड बाजू तिला सांभाळून असते. जाड बाजू सर्वांत शेवटी सोडवावी, कारण शेवटच्या कापाचा झटका सोसण्याची ताकद तिच्यातच असते.

त्याहूनही आधी करायचे एक काम आहे. भागाला मुळी हातच लावायचा नाही. प्रथम त्याच्या भोवतीची चौकट दूरवर, जाड काड्यांच्या ठिकाणी कापायची. असे केले की तो भाग चौकटीच्या लहानशा तुकड्यासह मोठ्या जाळीतून बाहेर येतो. जाळीचे ओझे आणि तिचा पीळ मागे राहतो. मग तो तुकडा सपाट पाटीवर आडवा ठेवायचा, भागाच्या खाली कोठे पोकळी राहू द्यायची नाही, आणि गेट कापायचे. तेही भागाला लागून नव्हे, एक-दीड मिलिमीटर खुंट ठेवून. राहिलेला खुंट नंतर धारदार पात्याने पापुद्र्यापापुद्र्याने तासायचा आणि बारीक पॉलिश कागदाने हळूच घासून टाकायचा. म्हणजे प्रत्येक ठिकाणी दोनदा कापायचे. पहिला काप दूरून, दुसरा जवळून. या कामासाठी एका बाजूने सपाट असलेले खास कटर मिळतात. आम्ही नवा नेलकटर वापरला. त्याची धार पातळ असते आणि तो पदार्थाला फारसा ढकलत नाही. पात्याचे काम मात्र मी त्याला माझ्यासमोरच करू दिले.

आणखी काही बारीकसारीक गोष्टी या निमित्ताने कामी आल्या. ओसरीवरचा पंखा बंद केला. चाकाची झडप उडून गेली तर वाटीभर तांदळात हरवलेल्या खड्याप्रमाणे शोधावी लागते. अगदी लहान भाग कापताना त्यावर दुसऱ्या हाताचे बोट अलगद टेकवून ठेवले. तरी एक उडालाच. तेव्हा दिवे मालवून बॅटरी फरशीवर आडवी ठेवली. अशा प्रकाशात कणाएवढ्या वस्तूचीही सावली लांब पडते आणि ती चटकन सापडते.

हे सगळे करीत असताना मुलगा अचानक म्हणाला, “आजोबा, हे तर संत्र्याच्या तोड्यासारखं झालं!” त्याचे म्हणणे खरे होते. दिवाळीच्या सुमारास आमच्या भागात आंबिया बहाराच्या संत्र्याचा तोडा सुरू होतो. घाईत असलेला माणूस फळ हाताने पिळून ओढतो. देठाजवळची साल फाटते आणि वाटेतच फळ सडू लागते. जाणकार बागाईतदार कात्रीने देठासह फळ सोडवितो आणि मग दुसरा काप देऊन देठ फळालगत आखूड करतो. पहिला काप फळाच्या सालीसाठी आणि दुसरा क्रेटमधल्या शेजारच्या फळांसाठी, कारण लांब देठ त्यांना टोचतो. ओझरचे विमान असो की नेरचे संत्रे, घाई दोघांनाही मानवत नाही.

आता प्रश्न उरला तुटलेल्या नळीचा. दोन तुकडे टोकाला टोक लावून चिकटविले तर जोड टिकत नाही आणि नळी सरळही राहत नाही. नवा संच मागविण्याइतके पैसे खर्चावे अशी त्याच्या आईची स्थिती नाही. पण उपाय डब्यातच होता. भाग काढून रिकाम्या झालेल्या चौकटीची एक सरळ काडी मी तोडून घेतली. मेणबत्ती लावली. काडीचा मध्य ज्योतीत न घालता तिच्या थोडा वर धरून फिरवीत राहिलो. पॉलिस्टायरीन पाणी उकळण्याच्या सुमारास मऊ होऊ लागते. काडीचा मध्य चकाकू लागला आणि लवू लागला, तेव्हा ती बाजूला घेतली, क्षणभर थांबलो आणि दोन्ही टोके सावकाश दूर नेली. मधोमध एक सरळ, गोल, सुतासारखा धागा निघाला. जोराने ओढले तर तो केसासारखा होतो, हळू ओढले तर जाड राहतो. हे काम उघड्या हवेत करावे, कारण प्लास्टिक जळाले तर त्याचा धूर घातक असतो. आणि लहान मुलांनी ते एकट्याने करू नये.

चौथ्या प्रयत्नात हवी तेवढी जाडी मिळाली. ती मुलाने स्वतः ओढलेली होती. तोवर त्याची आई त्याला बोलवायला आली होती आणि दारातच उभी राहून पाहत होती. नवी नळी इतकी हलकी होती की बोटांत धरवेना. ती न बोलता घरी गेली आणि पत्र्याच्या डब्यातला चिमटा घेऊन आली. त्या चिमट्याने तिच्या नवऱ्याने केसाएवढ्या तारा अनेक वर्षे बसविल्या होत्या. मुलाने त्याच चिमट्याने नळी नाकावर बसविली आणि डिंक सुकेपर्यंत श्वास रोखून धरली. कटर जेथे उपयोगी पडला नाही तेथे चिमटा पडला. वडिलांच्या डब्यातले प्रत्येक हत्यार आपापल्या कामाचे आहे, एवढे त्याला त्या दिवशी समजले आणि त्याच्या मनावरचे ओझे उतरले असे मला दिसले.

भाचीच्या मनावरचे ओझे मात्र निराळे होते. मुलाला दहावीनंतर नागपूरला तंत्रनिकेतनात जायचे आहे. शिक्षकांचे मत तसेच आहे, माझेही आहे. ती ऐकत नव्हती. मुलगा आत गेल्यावर ती म्हणाली, “मामाजी, तुमी म्हणता ते समजते जी मले. पण बापाविना पोरगं हाय. एवढ्या मोठ्या शहरात तुटून जाईन तो.” मी तिला काही उपदेश केला नाही. नवरा गेल्यावर तीन जोडांपैकी एक जोड अगोदरच सुटलेला असतो आणि सारा भार तिच्या एकटीवर आलेला असतो. अशा बाईला ‘धीर धर’ एवढेच सांगणे म्हणजे काही न सांगणे.

काही वेळाने तीच म्हणाली, “पयले चौकट दूरून कापा म्हणता ना तुमी?” तिने सगळे ऐकले होते. मग आम्ही दोघांनी मिळून हिशेब मांडला. परीक्षा मार्चमध्ये संपते आणि प्रवेशाला जून उजाडतो. मधले दोन महिने मुलाने अमरावतीला तिच्या भावाकडे राहावे, तेथे मोटार वाइंडिंगचे काम शिकावे, स्वतःचे कपडे स्वतः धुवावेत आणि दर शनिवारी एसटीने घरी यावे. घरची जाड काडी तशीच राहील, पण रोजचा पीळ सुटेल. जूनमधला काप मग एवढा खोल जाणार नाही. नागपूरचे वसतिगृह आपण स्वतः पाहून येऊ आणि मगच ठरवू, असे ती म्हणाली. अजून तिने होकार दिलेला नाही. पण पूर्वी ‘नाही’ म्हणत होती, आता ‘पाहू’ म्हणते.

आपल्या लहान गावांतून दरवर्षी कितीतरी मुले-मुली पुणे, मुंबई, नागपूरला जातात आणि जायलाच हवीत. विमान चौकटीत राहून कधी उभे राहत नाही. पण त्यांना सोडविताना आपण दोन टोकांना जातो. काही घरी एका दिवसात बॅग भरून मूल गाडीत बसविले जाते आणि ‘आता तू मोठा झालास’ म्हणून पाठ फिरविली जाते. तो एकाच घावातला, अगदी अंगालगतचा काप. काही घरी भीतीपोटी सोडवणेच टाळले जाते आणि शेवटी मूलच हिसका देऊन सुटते. तेव्हा साल फाटते ती दोन्हीकडची. दोन्ही ठिकाणी आपण म्हणतो, पोर नाजूक होते. ते नाजूक असतेच. प्रश्न असतो आपण कोठे धरले आणि कोणता जोड आधी सोडला याचा.

राहिलेल्या खुंटाचीही लाज वाटू नये. घरापासून सुटलेल्या मुलाच्या बोलण्यात गावचा एखादा शब्द राहतो, जेवणात झुणक्याची आठवण राहते, अडचणीत घरी फोन करण्याची सवय राहते. तो खुंट पुढे त्याचा तोच तासतो, हवा तेवढा, त्याला सोईचा होईल तेव्हा. आपण तो आधीच खरवडून काढण्याची घाई करू नये.

कोणाच्या घरी असा संच आला तर एवढे अवश्य करावे. भाग काढून झाले की रिकामी चौकट केरात टाकू नये. त्याच रंगाचे, त्याच जातीचे प्लास्टिक दुसरीकडे मिळत नाही. कधी एखादा बारीक भाग तुटला तर तिच्यातूनच नवा ओढून काढता येतो. आमच्या मुलाने ती सगळी चौकट जपून ठेवली आहे. तिचे तुकडे करून, बाबांच्या हत्यारांच्या डब्यात, चिमट्याच्या शेजारी.